चटईवर ठेवलेलं कापड

संपादकांनी माझ्याकडे परदेशवारीचा लेख मागितला आहे. समुद्र, नारळाची झाडं, फ्रेंच लोक असं काहीतरी रंगवून लिहा, असा निरोप होता. मी जन्मभर माती कुटली आणि चाळली, माझ्याकडून रंगवून काय होणार? पण नूमेआ नावाचं गाव पाहून आलेला दुसरा माणूस मला नागपुरात अजून भेटलेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी माझं काम सांगतो, कारण ते कोणालाच ठाऊक नसतं. एका सरकारी प्रयोगशाळेत मी खनिजांचे नमुने तयार करत असे. केमिस्ट लोकांना तपासायला चिमूटभर पूड लागते. ती चिमूट आम्ही द्यायचो. खाणीतून चार-पाच पोती दगडमाती येते. ती फोडायची, ढीग करायचा, ढीग दाबून भाकरीसारखा पसरायचा, त्याचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकून द्यायचे. उरलेल्याचं पुन्हा तेच. असं करत शेवटी मूठभर उरते आणि त्या मुठीने अख्ख्या डोंगराची साक्ष द्यायची असते. याला आम्ही क्वार्टरिंग म्हणायचो. लोक म्हणत, यात काय अक्कल लागते? अक्कल नाही लागत, नियत लागते.

भंडाऱ्याकडचा एक खाणवाला एकदा मिठाईच्या डब्यात गुलाबी कागद अंथरून मँगनीजचे सात-आठ खडे घेऊन आला. एकेक खडा असा, की आरशाऐवजी वापरावा. म्हणाला, आमच्या खाणीत सगळा मालच असा निघतो. मी म्हटलं, मग खाण कशाला म्हणता, सराफा म्हणा. त्याने साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी मला त्याच्यासमोर झापलं आणि तो गेल्यावर पोट धरून हसले. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगायचो, की जिथे हात सहज पोचतो तिथला नमुना खोटा असतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ओडिशात निकेलची माती सापडल्याचं बरंच बोललं जात होतं. निकेल लाल, ओल्या, चिकट मातीत असतं आणि त्या मातीचा नमुना काढणं म्हणजे शिऱ्यातून रवा वेगळा करण्यासारखं. पॅसिफिक समुद्रात न्यू कॅलेडोनिया म्हणून एक बेट आहे, फ्रेंचांच्या ताब्यातलं. तिथे ही माती कैक वर्षांपासून खणतात. तेव्हा तीन महिने कोणीतरी जाऊन शिकून यावं, असं ठरलं. एका सीनियरच्या मुलीचं लग्न होतं. दुसऱ्याला कोणीतरी सांगितलं की त्या बेटावर पूर्वी माणसं खात असत. त्यांच्या वजनाकडे पाहता त्यांची भीती रास्त होती. अशी ती माळ माझ्या गळ्यात पडली.

इथे थोडं घरचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही बौद्ध. बाबा मूळचे कुहीकडच्या एका खेड्यातले, पुढे नागपूरला येऊन गिरणीत मागावर लागले. गावात आमच्या लोकांना कापड मिळे ते दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं, नाहीतर मढ्यावरचं. तेही हातात नाही. देणारा ओट्यावर उभा राहून खाली मातीत टाकी आणि माझ्या आजोबांनी ते वाकून उचलायचं. बाबांनी हे लहानपणी बाजूला उभं राहून पाहिलं होतं. स्वतः दिवसभर धोतरं-लुगडी विणणारा हा माणूस छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आला आणि आईला, आम्हा भावंडांना समोर बसवून एवढंच म्हणाला, "आजपासून कोनं देल्लेलं कापड या घरात येनार नाही. फाटकं घालू, पन आपलं घालू."

तो नियम आम्ही कसोशीने पाळला. माझ्या लग्नात आहेराचं एक पातळसुद्धा घेतलं नाही, नातेवाईक वर्षभर रुसले. प्रयोगशाळेतून मला निरोप दिला तेव्हा शाल आणली होती. मी हार घेतला, शाल परत केली. त्यामुळे मला घमेंडखोर समजणारे बरेच होते. कोणाकोणाला समजावत बसणार?

धरमपेठेतल्या एका बाईंकडे मी तीन महिने फ्रेंच शिकलो आणि नूमेआला, म्हणजे त्या बेटाच्या राजधानीत, उतरलो. क्रियापदं तोंडपाठ होती, पण जेवायला बसल्यावर मीठ मागता येईना. गाव मात्र पहिल्या दिवसापासून आवडलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लाल डोंगर, मधे टुमदार फ्रेंच घरं. बंदराजवळ निकेल वितळवायची भट्टी. तिचा तांबूस धूर वारा असेल तिकडे जाई आणि वाळत घातलेल्या धुण्यावर बसे. बायका त्यावरून भट्टीला शिव्या घालत. त्या फ्रेंचमध्ये असल्या तरी मला कळत, कारण गिरणीच्या धुराला आमच्या वस्तीतल्या बायका त्याच सुरात घालायच्या. चौकात नारळाची झाडं आणि त्याखाली म्हातारे फ्रेंच लोखंडी गोळे फेकून खेळायचे. लोक हातभर लांबीचा पाव कागदसुद्धा न गुंडाळता काखेत मारून घरी नेत. बाजारात भाजीवाल्या व्हिएतनामी, मासळीवाले कनाक, म्हणजे तिथले मूळचे लोक, आणि भाव सगळे फ्रेंचमध्ये. 'लिंबांचा उपसागर' नावाचा किनारा होता, तिथे एक लिंबू दिसलं नाही. संत्र्यांच्या गावचा माणूस म्हणून मी ते मनावर घेतलं. आणि गुलमोहर! आपल्याकडे तो वैशाखात फुलतो, तिथे डिसेंबरात पेटलेला. पहिल्यांदा पाहिला त्या रात्री मी घरी लांबलचक पत्र लिहिलं.

तिथल्या प्रयोगशाळेत माझा जोडीदार होता मार्सेल, माझ्याच वयाचा कनाक. हाताला वळण असं, की चार भाग केले की तराजूत घालायची गरज नाही. आमची मैत्री मातीवरून झाली. मोडकं इंग्रजी आणि मोडकं फ्रेंच यांची खिचडी करून आम्ही तासन्‌तास बोलायचो. मला ज्या डोंगराचे नमुने हवे होते तो गावापासून तासाभरावर, मार्सेलच्या मामाच्या वस्तीच्या वर होता. सरकारी परवाना हातात होता. मार्सेल म्हणाला, परवाना डोंगराचा आहे, वाट मामाच्या अंगणातून जाते. आधी रीत करावी लागेल.

रीत म्हणजे अशी. कोणाच्या जमिनीवर पाय ठेवायचा तर आधी त्यांच्या दारी जायचं. सोबत वार-दोन वार कापड, थोडी तंबाखू, काड्यापेटी. ते मधोमध चटईवर ठेवायचं आणि मान खाली घालून म्हणायचं, आम्ही लहान माणसं, तुमच्याकडे आलो आहोत, हे थोडंसं आणलं आहे. घरचा वडील ते स्वीकारतो, चार शब्द बोलतो आणि उलट स्वतःकडचं काही देतो. मग तुम्ही पाहुणे राहत नाही. आणलेला माणूस कसा वागतो याची जबाबदारी आणणाऱ्याची असते, हे मार्सेलने मला बजावून सांगितलं होतं.

मी व्हिएतनामी बाईच्या दुकानातून फुलाफुलांचं कापड घेतलं आणि एका शनिवारी आम्ही गेलो. मामा म्हातारा, उंच, पांढऱ्या केसांचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजा बंदरात होत्या तेव्हा त्यांची जहाजं उतरवून घेताना तो शिपायांचं इंग्रजी शिकला होता, त्यामुळे बोलायला अडचण नव्हती. मी कापड चटईवर ठेवलं, पाठ केलेले शब्द बोललो. सगळं यथासांग झालं. घरातली माणसं हसली. मग मामीने आतून एक घडी आणून मामाकडे दिली आणि ती माझ्या पायांपुढे चटईवर आली. निळं कापड, जाड सुताचं, वापरून मऊ झालेलं.

माझा हात पुढे जाईना. डोळ्यांपुढे ओटा, माती आणि कधी न पाहिलेले आजोबा. मी स्वतः पाच मिनिटांपूर्वी तसंच ठेवलं होतं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा देणारा मी होतो. माझी नजर त्या कापडावर खिळली होती. मी दोन बोटांनी ते मागे सरकवलं आणि म्हणालो, "नको."

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मामा उठून घरात गेला. मामीने ती घडी आणि माझंही कापड उचललं, माझं माझ्या पिशवीत परत घातलं. परतताना गाडी चालवता चालवता मार्सेल म्हणाला, "मला नाही म्हणाला असतास तर चाललं असतं. तू त्याला नाही म्हणालास, आणि तुला मी नेलं होतं. आता मी कुठल्या तोंडाने जाऊ?" त्यांच्यात मामाचा मान बापाहून मोठा. मामाचं दार बंद म्हणजे मार्सेलला आपलं गावच बंद. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते कोणत्या भाषेत द्यायचं ते कळेना. खरं सांगायचं तर मला लाजही वाटत होती. हजारो मैल लांब, जिथे माझं नावगाव कोणी विचारत नव्हतं, तिथे ही गोष्ट स्वतःच्या तोंडाने का सांगावी?

सोमवारी प्रयोगशाळेतल्या फ्रेंच साहेबाला कळलं. तो खांदे उडवून म्हणाला, डोंगराच्या पायथ्याशी रस्त्यासाठी माती कापली आहे, तिथली चार पोती भरून घ्या, कोण विचारतो? माझ्या जाण्याला तीन आठवडे उरले होते. रिकाम्या हाताने परतलो असतो तर नागपुरात म्हटलं गेलं असतं की हा सरकारी खर्चाने समुद्र पाहून आला. मी फावडं घेऊन त्या रस्त्यापर्यंत गेलोही. पावसाने धुतलेली, वरून घसरत आलेली माती होती. हात सहज पोचत होता. फावडं तसंच घेऊन परत आलो.

तो रविवार मी गावातून नुसता भटकत काढला. एका मैदानावर शिट्ट्या ऐकू आल्या म्हणून वळलो तर बायका क्रिकेट खेळत होत्या. गळ्यापासून पोटरीपर्यंत ढगळ, रंगीबेरंगी, लेस लावलेले झगे, पाय अनवाणी आणि बॅट म्हणजे आपली धुण्याची मोगरी लांब केलेली. मी आयुष्यात इतकं चांगलं क्रिकेट पाहिलेलं नाही. चेंडू टाकणारी बाई वळली तर मार्सेलची मामी. तिने मला ओळखलं. मी काढता पाय घेणार तोच खेळ थांबला आणि ती थेट माझ्याकडे आली. फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली. मला एवढंच कळलं, की मी वाळलोय. मग तिने झाडाखालच्या टोपलीतून पाव काढला, हाताने मोडला आणि अर्धा माझ्या हातात ठेवला. बोटाला बोट लागलं. उरलेला अर्धा ती तिथेच उभी राहून खाऊ लागली.

मी पाव खाल्ला आणि मला रडू आलं. ही माणसं टाकून देणारी नव्हती. मग चटईवर ते कापड कसं आलं होतं? मी आठवून पाहिलं तर मला फक्त कापड आठवत होतं, देणारा माणूस आठवतच नव्हता. नमुने काढणाऱ्याने करू नये ती चूक मी केली होती. एका कोपऱ्यातली चिमूट उचलून सगळ्या डोंगराचा निकाल दिला होता.

संध्याकाळी मार्सेलच्या घरी जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, हे मला सांगू नकोस, त्याला सांग.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीच पिशवी घेऊन गेलो. मामाने आम्हाला अंगणात चटईवर बसवलं, आत बोलावलं नाही. मी आजोबांचं सांगितलं, मढ्यावरच्या कापडाचं सांगितलं, बाबांचा नियम सांगितला. शिपायांच्या इंग्रजीत या गोष्टी फार उघड्या वाटतात, आडपडदा ठेवायला शब्दच नसतात. मामाने चोळत असलेली तंबाखू बाजूला ठेवली. मग म्हणाला, तो तरुण असताना त्यांच्या लोकांना नूमेआत शिरायला चिठ्ठी लागे आणि अंधार पडायच्या आत गावाबाहेर पडावं लागे. चिठ्ठी देणारा शिपाईसुद्धा ती हातात देत नसे, टेबलावर टाकी.

"तुझ्या आजोबांच्या वेळी तो माणूस उभा होता ना?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, हो, ओट्यावर.

"मी वाकलो होतो," मामा म्हणाला. "तू पाहिलं नाहीस."

मामीने तीच निळी घडी आणली. मामाने ती उलगडली, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं धरायला मला खूण केली. आई आणि बाबा वाळलेल्या लुगड्याची दोन टोकं धरून घडी घालायचे तशी आम्ही त्याची घडी घातली. शेवटची घडी घालताना आमचे हात एकत्र आले, तेव्हा त्याने कापड सोडून दिलं. ते माझ्याकडे राहिलं. मी माझं फुलाफुलांचं कापड पिशवीतून काढून पुन्हा चटईवर ठेवलं. या वेळी वाकताना मला आपण वाकतो आहोत हे कळलं.

डोंगराचे नमुने चार दिवसांत झाले. मामा रोज वर येऊन दगडावर बसे. मी चार भाग करून दोन टाकून दिले की तो मान हलवी. त्याच्या मते माती टाकून द्यायची वस्तूच नव्हती. टाकलेले ढीग त्याने मार्सेलकडून जिथल्या तिथे परत नेऊन ओतवून घेतले. माझ्या सगळ्या नोकरीत इतकी कडक तपासणी दुसऱ्या कोणी केली नाही. ते नमुने नागपुरात अजून उदाहरण म्हणून दाखवतात, असं निवृत्तीपर्यंत माझ्या कानावर येई, आणि मी ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचो.

घरी आल्यावर मी ते कापड ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. बायकोला माहीत होतं, बाबांना नव्हतं. सगळ्यांना शंख-शिंपले वाटले, बाबांना दाढीचा ब्रश दिला. दीड वर्ष ते कापड तळाशी होतं आणि मला त्यांच्यासमोर बसून जेवताना ते आठवत असे. शेवटी एका दुपारी, ते पाळी संपवून आले असताना, मी काढून समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

बाबांनी कापडाचा कोपरा दोन बोटांत धरून चोळला, उजेडाकडे करून पाहिला. "सूत जाड हाय," म्हणाले. मग विचारलं, "अन् तू त्याले काय देल्लं?"

मी सांगितलं, दुकानातलं.

"बाप मागावर उभा हाय तीस वर्षं, अन् तू त्याले दुकानातलं कापड देल्लं? काहून?" जन्मात पहिल्यांदा मी बाबांना माझी लाज वाटलेली पाहिली.

पुढच्या पगाराला त्यांनी गिरणीच्या दुकानातून आपल्या खात्यात विणलेलं धोतरजोडीचं पान, म्हणजे जोडीतलं एक धोतर, निवडून आणलं. पांढरं, बारीक काठाचं. काठ आपल्याच मागावरचा आहे, हे ते शपथेवर सांगत होते. मोठ्या पोस्टात आम्ही दोघं गेलो. कारकुनाने तीन पुस्तकं चाळली तरी त्याला ते बेट सापडेना. बाबा काउंटरला टेकून त्याला समजावत होते, "समुद्रात हाय गा, फ्रान्सचं हाय, पन मानसं आपल्यासारखी हायत." त्यांच्या चेहऱ्यावर असा रुबाब मी कधी पाहिला नव्हता. मग माझ्या ध्यानात आलं, की घ्यायचं नाही हा नियम पाळता पाळता या माणसाने कोणाला कापड दिलंही नव्हतं. देणाऱ्याच्या जागी ते पहिल्यांदा उभे होते.

मार्सेलची पत्रं पुढे विरळ झाली आणि थांबली. ऐंशीनंतर तिथल्या दंगलींच्या बातम्या पेपराच्या कोपऱ्यात यायच्या, मी त्यात ओळखीची नावं शोधायचो. परत जाणं झालं नाही. नकाशा काढून बसलो की बायको म्हणे, झाली का सुरू तुमची वारी. पण पत्रं थांबण्याआधीचं एक सांगायचं राहिलं.

पार्सल पाठवून आठ महिने झाले असतील. बाबा निवृत्त झाले होते, गुडघे धरले होते, दारात खुर्ची टाकून बसत. पोस्टमन आला, त्याचे दोन्ही हात भरलेले. सुतळीने बांधलेलं एक पुडकं त्याने पायरीखाली जमिनीवर ठेवलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. वर फ्रेंच तिकिटं, आणि मोठ्या, शिपायासारख्या अक्षरात माझं नाही, बाबांचं नाव. कोपरा फाटून आतलं तसंच निळं कापड दिसत होतं.

बाबांचे गुडघे ठाऊक असल्यामुळे मी उचलायला पुढे झालो. त्यांनी हाताने मला मागे सारलं.

"थांब गा," ते म्हणाले. "माह्यं नाव हाय त्याच्यावर."

आणि एक हात खुर्चीला, एक हात गुडघ्याला लावत बाबा सावकाश वाकले आणि त्यांनी ते उचललं.